हिमलोट : तीस अंशांचे गणित

गेल्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयातील आठ मुलेमुली हिमालयात पदभ्रमणासाठी निघाली होती. सह्याद्रीतले बरेच गड त्यांनी पायांखाली घातले होते. पण पडलेले हिम मात्र त्यांपैकी कोणीच पाहिले नव्हते. निघण्यापूर्वी सारी मला भेटायला आली. बोलता बोलता एकीने विचारले, "सर, तिथे मोठ्याने बोलायचे नाही ना? आवाजाने बर्फाचा कडा कोसळतो म्हणतात."

मी म्हटले, "हवे तेवढे बोला. पण मला सांग, तुझ्या कंपासपेटीत कोनमापक आहे का?"

मुले हसली. सरांनी इथेही तास सुरू केला, असे त्यांना वाटले असावे. पण कोनमापकाची गोष्ट मी थट्टेने काढली नव्हती. ती का काढली, हेच या लेखात सांगावयाचे आहे. तुमच्यापैकी काही जण आज ना उद्या हिमालयात जातील. काही शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन जातील. त्यांनी हा लेख कागद-पेन्सिल जवळ घेऊन वाचावा.

हिमलोट म्हणजे काय?

आकाशातून भुरभुरत पडते ते हिम. ते दडपून, गोठून घट्ट झाले की त्याला आपण बर्फ म्हणतो. डोंगराच्या उतारावर साचलेले हिम एकाएकी सुटून खाली धावत येते, तेव्हा त्याला हिमस्खलन किंवा हिमलोट म्हणतात. कोरड्या, भुकटीसारख्या हिमाचा मोठा लोट ताशी २०० किलोमीटरपेक्षाही अधिक वेग घेऊ शकतो. त्याच्यापुढे धावून सुटण्याची गोष्टच नको.

हे संकट आपल्या देशाला नवे नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील 'द्रौपदी का डांडा' या शिखराच्या वाटेवर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी हिमलोटात सापडली आणि पंचवीसहून अधिक जण दगावले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेली सविता कंसवाल ही तरुण प्रशिक्षिकाही होती. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथु-लाच्या रस्त्यालगत सात पर्यटक मरण पावले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्त्याच्या कामावरील ५४ कामगार हिमाखाली अडकले. त्यांपैकी ४६ वाचले, ८ गेले. पाहा, गिर्यारोहक, पर्यटक आणि कामगार : हिमलोट माणूस पाहून येत नाही. पण तो उतार मात्र पाहून येतो.

आवाजाचा दाब किती?

प्रथम त्या ओरडण्याचा निकाल लावू. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारा चढउतार. अगदी घसा फोडून ओरडले, तर एक मीटर अंतरावर हा चढउतार साधारण १ पास्कल असतो. आता तुम्ही हिमावर पाऊल टाकता तेव्हा काय होते ते पाहा. तुमचे वजन ७० किलोग्रॅम आणि पाठीवरचे ओझे १० किलोग्रॅम धरले, तर एकूण बल सुमारे ७८० न्यूटन. एका बुटाच्या तळाचे क्षेत्रफळ २५० चौ. सें.मी. म्हणजे ०.०२५ चौ. मीटर. भागाकार करा : सुमारे ३१,००० पास्कल!

हा दाब हिमात खोल जाता जाता पसरतो आणि बराच कमी होतो हे खरे. तरीही अर्धा मीटर खोलीवर त्याचा जो अंश पोहोचतो, त्यापुढे आरोळीचा एक पास्कल काहीच नाही. चित्रपटात आरोळी ठोकताच पर्वत कोसळतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. अपघात झालेल्या गिर्यारोहकांच्या आणि स्कीपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे आढळले की दहांतल्या सुमारे नऊ वेळा हिमलोट सुटला तो त्यात सापडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने. याचा अर्थ असा की, हिमलोट पुष्कळदा वरून आपल्यावर येत नाही. आपणच त्याला पायाने सोडतो.

ही गोष्ट भीतीची वाटेल, पण तिची दुसरी बाजू पाहा. जे आपल्या पायाने सुटते, ते पाय न ठेवल्यास बहुधा सुटत नाही. म्हणजे निर्णय बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

लादी आणि कच्चा थर

एका माणसाच्या वजनाने सारा उतार कसा सुटतो? त्यासाठी हिमाच्या पोटात डोकवावे लागेल.

हिवाळाभर हिम थराथरांनी साचते. एखाद्या हिमवर्षावाचा थर, त्यावर वाऱ्याने दाबून बसवलेला थर, उन्हाने वितळून रात्री गोठलेला पापुद्रा, पुन्हा नवा थर. उतारावर खड्डा खणला तर झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे हे थर दिसतात. यांतले काही थर घट्ट, एकसंध असतात. घरातल्या फरशीच्या लादीसारखे म्हणा. धोका असतो तो लादीखाली दडलेल्या कच्च्या थराचा.

हा कच्चा थर कसा तयार होतो, ते मोठे गमतीचे आहे. हिमाखालची जमीन साधारण ०° सेल्सियसच्या आसपास असते, कारण वरचे हिम पांघरुणासारखे तिची ऊब राखते. हिमाचा पृष्ठभाग मात्र थंडीच्या रात्री −१०° किंवा त्याहूनही खाली जातो. हिमाची जाडी ५० सें.मी. असेल, तर अर्ध्या मीटरात १० अंशांचा फरक पडला. म्हणजे दर मीटरला २०°. हा फरक दर मीटरला सुमारे १०° पेक्षा जास्त झाला, की खालच्या उबदार कणांपासून पाण्याची वाफ निघून वरच्या थंड कणांवर जाऊन गोठते. काही दिवसांतच बारीक, एकमेकांत गुंतलेल्या कणांचे मोठे, टोकदार, सुटे स्फटिक होतात. हातात घेतले तर जाड दाण्याच्या साखरेसारखे ओघळून जातात. कणाला कणाची धरच नसते.

यातून एक उफराटी गोष्ट निघते. जाडी जितकी कमी, तितका दर मीटरमागचा तापमानाचा फरक अधिक. म्हणून हिवाळ्याच्या आरंभी थोडेच हिम पडले आणि कडक थंडीचे कोरडे दिवस लागले, तर कच्चा थर चांगलाच पोसतो. पुढे त्यावर मोठा हिमवर्षाव झाला, की साखरेवर लादी ठेवल्यासारखी स्थिती होते. 'यंदा हिम कमी, म्हणजे धोका कमी' असे समजणे म्हणूनच चूक आहे.

अशा थरावर पाऊल पडले की तो एका जागी दबतो आणि ती पडझड लादीखालून सेकंदाला कित्येक मीटर वेगाने पसरत जाते. कधी कधी ती ऐकूही येते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, विद्यार्थी असताना, मी मनालीच्या वरच्या बाजूस फेब्रुवारीत हिमात चालत होतो. आम्ही जवळजवळ सपाटीवर होतो. अचानक पायाखाली 'धप्' असा खोल आवाज झाला आणि सारी जमीन बोटभर खाली बसल्यासारखी वाटली. आमचा स्थानिक वाटाड्या थांबला, समोरच्या चढाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाला, "वापस चलो." आम्ही मुले रात्रभर चरफडलो. हवा स्वच्छ, अंगात दम, आणि एका आवाजासाठी माघार! त्या आवाजाचा अर्थ मला पुढे पुस्तकांतून कळला. लादीखालचा कच्चा थर मोडला होता. आम्ही सपाटीवर होतो, म्हणून लादी जागेवर राहिली. समोरच्या चढावर ती राहिली नसती.

तीस अंशच का?

आता कोनाकडे वळू. अकरावीत आपण शिकतो, की उतारावरील वस्तूच्या वजनाचे दोन घटक होतात. उताराच्या दिशेने खाली ओढणारा घटक mg sin θ, आणि उतारावर लंब दाबणारा घटक mg cos θ. घर्षण या दुसऱ्या घटकाच्या प्रमाणात असते. म्हणून tan θ हे घर्षणांकापेक्षा मोठे झाले, की वस्तू घसरते.

कच्चा थर मोडल्यावर लादी आणि खालचे हिम यांच्यामधील घर्षणांक मोजला गेला आहे. तो सुमारे ०.५७ भरतो. त्रिकोणमितीचे कोष्टक उघडा : tan ३०° = ०.५७७. म्हणजे उतार तीस अंशांपेक्षा कमी असेल, तर थर मोडूनही लादी बहुधा जागीच राहते. तीस अंशांच्या वर ती धावत सुटते. अनुभवाने ठरलेली मर्यादा आणि घर्षणाचे गणित एकाच आकड्यावर येतात.

मग उतार जितका उभा तितका धोका अधिक का? तसेही नाही. पन्नास अंशांच्या पुढे हिम फारसे साचतच नाही. थोडे थोडे घसरून जाते. लादीचे बहुतेक हिमलोट ३०° ते ४५° या पट्ट्यात सुटतात, आणि त्यातही ३८° च्या आसपास सर्वाधिक. घात असा की, नेमके हेच उतार चढायला आणि स्की करायला आकर्षक दिसतात.

लादीचे वजनही काढून पाहा. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड, म्हणजे तशी लहानच लादी. घनफळ ३०० घनमीटर. घनता २०० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर वस्तुमान ६०,००० किलोग्रॅम. दहा टनांची एक, अशा सहा मालमोटारी एकदम अंगावर आल्या असे समजा.

करून पाहा

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. एक पाट किंवा फळी घ्या. तिच्यावर खरकागद चिकटवा. त्यावर गव्हाच्या पिठाचा दोन सें.मी. जाड थर पसरून वाटीच्या तळाने हलके दाबून बसवा. आता पाटाचे एक टोक सावकाश उचला. पीठ केव्हा घसरते, तो कोन मोजून लिहून ठेवा.

मग खरकागदावर आधी साखरेचा अर्धा सें.मी. थर द्या आणि त्यावर पहिल्यासारखेच पीठ बसवा. पुन्हा टोक उचला. या खेपेस पिठाला वरच्या बाजूस आडवी चीर पडते का, ते कोणत्या कोनाला घसरते, सुटे घसरते की लाद्यांनी, हे पाहा. प्रत्येक प्रयोग तीन वेळा करून सरासरी काढा. शेवटी, घसरण्याच्या कोनाच्या थोडे अलीकडे पाट स्थिर ठेवा आणि पिठावर बोटाने टिचकी मारा. त्यानंतर पिठावर जोरात ओरडून पाहा. आवाज आणि पाऊल यांतील फरक ध्यानात येईल. पीठ आणि साखर चाळून वेगळी करता येतात. वाया काही जात नाही.

उतार मोजावा कसा?

कोनमापकाच्या मध्यबिंदूवरील भोकात दोरा ओवा आणि दोऱ्याच्या टोकाला एखादा नट बांधा. कोनमापक उलटा धरला, म्हणजे सरळ कड वर आणि अर्धवर्तुळ खाली, की कड आडवी असताना दोरा ९०° वर येतो. आता उताराच्या बाजूला, सुरक्षित जागी उभे राहा. सरळ कड डोळ्यांसमोर अशी धरा, की ती उताराच्या रेषेशी जुळेल. दोरा ज्या आकड्यावर येईल, त्याचे ९० पासूनचे अंतर म्हणजे उताराचा कोन. दोरा ५८ वर आला, तर उतार ३२ अंशांचा. उतार मोजण्यासाठी त्या उतारावर चढायचे नाही, हे सांगावयास नकोच.

घरबसल्याही कोन काढता येतो. तुम्ही भूगोलात १ : ५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे पाहिले असतील. समोच्च रेषा ४० मीटरच्या फरकाने काढल्या असतील, तर तीस अंशांच्या उतारावर दोन रेषांमधील जमिनीवरचे आडवे अंतर ४० ÷ ०.५७७, म्हणजे सुमारे ६९ मीटर येते. नकाशावर ते १.४ मिलिमीटर होते. एवढे बारीक मोजणे अवघड. म्हणून पाच रेषांचा टप्पा घ्या. तो ७ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर उतार तीस अंशांहून अधिक आहे. मात्र नकाशात येते ती सरासरी. मधला एखादा आखूड, उभा टप्पा त्यात लपून जातो.

हिमाच्या पोटातला कच्चा थर वरून दिसत नाही. तो जाणण्यासाठी तज्ज्ञांचा अनुभव लागतो, आणि तेही चकतात. कोन मात्र शाळकरी मुलालाही मोजता येतो. सगळ्या अनिश्चित गोष्टींत ही एक खात्रीची आहे.

वाटेवर चालताना

आपल्या देशात हिम आणि हिमलोटांच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये तिचे रूपांतर संरक्षण खात्याच्या चंडीगड येथील भूमाहितीशास्त्र संशोधन संस्थेत झाले. हिवाळ्यात डोंगराळ जिल्ह्यांसाठी हिमलोटाचे इशारे दिले जातात. निघण्यापूर्वी ते पाहावेत. धोक्याच्या पाच पातळ्या मानल्या आहेत. तिसरी पातळी मधली, म्हणून कोणी तिला 'बरी' समजू नये. आल्प्समधील जीवघेण्या अपघातांचा मोठा वाटा तिसऱ्या पातळीच्या दिवसांतच घडलेला आहे.

निसर्गही इशारे देतो. शेजारच्या उतारावर ताजा हिमलोट पडलेला दिसणे, पायाखाली 'धप्' आवाज होणे, पावलापासून चिरा धावत जाणे, चोवीस तासांत फूटभर नवे हिम पडणे, वाऱ्याने हिम उडून डोंगराच्या आडोशाच्या बाजूस साचणे, थंडीनंतर एकाएकी ऊब वाढणे : यांपैकी एकही खूण दिसली, तर त्या दिवशी तीस अंशांच्या उताराचे नाव घेऊ नये. जंगलात वरपासून खालपर्यंत झाडे नसलेला सरळ पट्टा दिसला, तर ती हिमलोटाची नेहमीची वाट समजावी. तेथे तंबू ठोकू नये, जेवायला बसू नये.

सह्याद्रीतली सोंड, धार, घळ आणि नाळ तुम्हांला ठाऊक आहेत. हिमात शक्यतो सोंडेने किंवा रुंद धारेच्या वाऱ्याकडील बाजूने चालावे. घळी आणि नाळी टाळाव्यात, कारण तेथे थोडेसे हिमही खोल साचते. धारेच्या कडेवर हिमाचे छज्जे बाहेर झुकलेले असतात. त्यांच्यावर पाऊल टाकू नये. आपला मार्ग सपाट असला तरी डोक्यावर उभा उतार असेल, तर खालून केलेल्या पावलानेही तो सुटू शकतो. संशयाची जागा ओलांडणे भागच असेल, तर एका वेळी एकानेच जावे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी.

पहिली दहा मिनिटे

एवढे करूनही कोणी गाडला गेला तर? स्वित्झर्लंडमधील अपघातांचा अभ्यास सांगतो, की पूर्ण गाडल्या गेलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, तर दहांपैकी नऊ वाचतात. त्यानंतर अर्ध्या तासापर्यंत काढलेल्यांपैकी जेमतेम तीन. बहुतेकांचा प्राण जातो तो गुदमरून. याचे कारण गोळेवाल्याच्या गाडीवर पाहायला मिळते. किसलेला बर्फ तो मुठीत दाबतो आणि क्षणात त्याचा घट्ट गोळा होतो. बर्फाचे कण दाबाने एकमेकांना जुळतात. हिमलोट थांबताच तेच घडते; बोटही हलवता येत नाही. माणाच्या दुर्घटनेत पुष्कळ कामगार राहण्याच्या लोखंडी कंटेनरमध्ये होते. त्यांच्याभोवती हवा उरली, आणि ती अनेकांच्या कामी आली.

दहा मिनिटांत बाहेरून कोणी येऊ शकत नाही. वाचवणार ते बरोबरचे सोबतीच. म्हणून अशा भागात प्रत्येकाजवळ तीन वस्तू असाव्या लागतात : ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारे व घेणारे लहान यंत्र, गाडलेल्याचा ठाव घेण्यासाठी जोडून लांब होणारी सळई आणि धातूचे फावडे. तिन्ही हव्यात, आणि त्यांचा सराव हवा. यंत्राने जागा कळली, पण फावडे नसेल, तर हातांनी ते हिम खणता येत नाही.

फुगणारी पिशवीही मिळते. तिचे तत्त्व चिवड्याच्या डब्यात आहे. डबा हलवला की चुरा आणि मसाला तळाशी जातो, मोठे तुकडे वर येतात. धावत्या हिमलोटात पाठीवरची पिशवी फुगवली, की माणूस 'मोठा तुकडा' होतो आणि वर राहण्याचा संभव वाढतो. पण झाडावर किंवा खडकावर आदळण्यापासून ती वाचवीलच असे नाही. साधने ही चुकीनंतरची; कोन हा चुकीआधीचा.

परत आल्यावर

जानेवारीत ती मुले पुन्हा भेटायला आली. जिने ओरडण्याविषयी विचारले होते, तिने वही पुढे केली. रोजच्या उतारांचे कोन लिहिले होते. चौथ्या दिवसासमोर ३४° असा आकडा, त्यापुढे 'रात्री नवे हिम, वारा' एवढीच नोंद, आणि पुढे काही नाही. तेथून सगळी परत फिरली होती.

"पण सर," ती थोडी खट्टू होऊन म्हणाली, "तो उतार कोसळला नाही. दुसऱ्या एका गटाचे लोक तसेच चढून वर जाऊनही आले. आमचे चुकले का?"

प्रयोगशाळेत उत्तर चुकले तर लगेच कळते. हिमाच्या उतारावर ते कळत नाही, हीच खरी अडचण. एखादा माणूस धोक्याच्या उतारावरून नऊ वेळा सुखरूप जातो आणि प्रत्येक वेळी त्याला वाटते, आपला अंदाज बरोबर ठरला. वस्तुतः त्याचे पाऊल कच्च्या थराच्या नाजूक जागी पडले नाही, इतकेच. आणि जो परत फिरतो, त्याला आपण काय टाळले याचा पुरावा कधीच मिळत नाही. मलाही पंचवीस वर्षांत मिळालेला नाही.

मी तिच्या वहीवर त्या आकड्याखाली लाल शाईने बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.